तट नसलेला दरवाजा

अँब्रोजने खांदा लावून दरवाजा लोटला, अडसर सरकवला आणि कुलपात किल्ली फिरवली. तेवढ्यात विधवा मार्जरीची गाय त्याच्या शेजारून, जिथे उन्हाळ्यापर्यंत तट उभा होता तिथून, निवांत चालत आत आली.

दगड काढणारे मजूर पोट धरधरून हसले.

"म्हातारबा, गाईला विचारायचं राहिलं की," त्यांच्यातला सायलस म्हणाला.

अँब्रोजने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एलरकोमच्या किल्ल्याचा तो दरवान होता. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे इथलेच दरवान. राजाविरुद्धची लढाई पार्लमेंटने जिंकली, राजाचं डोकं उडवलं आणि राजाचे किल्ले पाडायचा हुकूम सुटला. बुरूज गेले, तट गेला, राणीच्या देवघराचे दगड गावकऱ्यांनी डुकरांच्या गोठ्यांना नेले. उरला होता हा एवढा दरवाजा, आणि कमानीवरची खोली. त्या खोलीत तो आणि त्याची मुलगी ज्युडिथ राहत होते. रोज संध्याकाळी तो दरवाजा लावायचा, सकाळी चर्चची घंटा झाली की उघडायचा. गाव दिवसभर बाजूने ये-जा करायचं.

या दरवाजातून एक राणी नवी नवरी होऊन आत आली होती आणि एक सरदार बेड्या घालून. एका साथीच्या वर्षी तर बाहेरून कुणीच आलं नाही; तरी तेव्हाचा दरवान रोज दार उघडत राहिला. राजे इकडे क्वचितच फिरकायचे. पण रीत पक्की होती. बाहेरून कुणी ठोठावलं की दरवानाने आतून विचारायचं, "कोण आहे?" आणि "राजाचा माणूस" असं उत्तर आल्याशिवाय अडसर हलवायचा नाही. दूधवाली तेच म्हणायची, प्रेतं पुरणाराही तेच म्हणायचा. शिकारीहून भिजून आलेल्या एका राजालाही एकदा हेच विचारलं होतं म्हणे, आणि तोही हसत हसत तेच म्हणाला होता. गावातली पोरं प्रार्थनेच्या आधी हे उत्तर शिकायची. आता मात्र ते कुणी चुकूनही उच्चारत नसे. गळ्याशी आलं असतं.

अंधार पडायच्या आत जर्वेस होलब्रो आला, अर्थातच बाजूने. किल्ला पाडायच्या कामावरचा मुकादम तोच होता. मेणबत्तीवाल्या होलब्रोचा हा मुलगा. लहानपणी पहाटे चरबीच्या मेणबत्त्यांची टोपली घेऊन याच दरवाजावर यायचा. आता कमरेला तलवार होती, आणि अँब्रोजच्या डोळ्याला डोळा देणं त्याला जड जात होतं. उद्या सकाळी सुरुंगाची दारू येईल, तेव्हा सामान बाहेर काढून ठेवा, असं त्याने सांगितलं.

ज्युडिथने विचारलं, मग आम्ही जायचं कुठे? चर्चच्या धर्मादाय खोल्या आहेत, तो म्हणाला. तिथे गेलेली म्हातारी माणसं किती टिकतात हे तिला ठाऊक होतं.

"काका, माझा नाइलाज आहे," जर्वेस म्हणाला. "वापरात असेल ते ठेवायचं, नसेल ते पाडायचं, असा हुकूम आहे. तुमच्या दरवाजावर शेवटचं कुणी कधी ठोठावलं, सांगा बरं. एकाने जरी ठोठावलं असतं, तरी मी वर तसं कळवलं असतं."

अँब्रोजला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की पोरगा खरं बोलत होता.

सकाळी खंदकावर दाट धुकं होतं. ज्युडिथने गाठोडी बांधली होती. आता गावात चला बाबा, कशाला तमाशा, म्हणून ती मागे लागली होती. घंटा व्हायची आहे, एवढंच तो म्हणाला आणि अडसराशी जाऊन बसला. निदान शेवटचा दिवस तरी रीतीने व्हावा, एवढीच त्याची इच्छा होती.

पुलाच्या फळ्या वाजल्या. मागे गाड्यांची चाकं, पुढे एकट्या माणसाचे बूट. अँब्रोजने मान खाली घातली. आता ती पावलं डावीकडे वळणार होती.

पावलं वळली नाहीत. दरवाजावर थाप पडली. मग दुसरी.

अँब्रोजची जन्मभराची सवय आपणहून बोलली. "कोण आहे?"

"राजाचा माणूस," बाहेरून लगेच उत्तर आलं, टोपली हातात असलेल्या पोराच्या घाईने.

बाहेर गाड्या थांबल्या. ज्युडिथने तोंडावर हात ठेवला. अँब्रोजने किल्ली फिरवली, अडसर ओढला आणि दरवाजा उघडला.

जर्वेस हात तसाच उगारून उभा होता. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने दरवाजाच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे नुसतं धुकं आणि गवत होतं. मागे मजूर उभे होते. अशा एका शब्दावर माणूस फासावर गेलेला त्यांनी पाहिला होता. हसलं कुणीच नाही.

सायलस खाकरला. "धुक्यात काही ऐकू येत नाही बुवा," तो म्हणाला, आणि डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली.

जर्वेसने हात खाली घेतला. या वेळी त्याने अँब्रोजच्या डोळ्याला डोळा दिला. मग मान वळवून त्याने गाडीवाल्यांना सांगितलं,

"गाड्या परत फिरवा. दरवाजा वापरात आहे."