माहेरचा गुंड

वैनगंगेतल्या खडकावर आपटून डोंग्याच्या मोटरीचा पंखा तुटला, तेव्हा नवा घेण्याची तुलारामची ऐपत नव्हती. बायकोने माहेरच्या पितळी गुंडातलं पाणी ओतून तो पुढे केला. भंडाऱ्याच्या कासाराने तो वितळवून पंखा ओतला. पण जन्मभर भांडीच घडवणाऱ्या हातांनी पात्यांना पीळ उलटा दिला. डोंग्याचं नाक काठाच्या चिखलात रुतवूनच मोटर तपासायची, ही तुलारामची रीत. बायकोही बघायला डोंग्यात येऊन बसली. त्याने दोरी ओढली, मोटर धडधडली आणि डोंगा चिखलातून सुटून मागे पळाला. घाटावर हशा पिकला. “अबे, उलटा जाऊन राहिला!” शरमलेला तुलाराम मोटर बंद करणार, तोच बायकोने हात धरला. “काहून बंद करता? त्या काठाले माहं माहेर. गुंड माहेराकडेच ओढन ना!” तुलारामने वेग वाढवला आणि हसणारा घाट बघता बघता नखाएवढा झाला.