दोन प्रोसेसर, दोन वाट्या

"आता हा जुना डबा भंगारात," नवा कॉम्प्युटर जोडत हेरंबराव म्हणाले. शरयूताईंचा विरजण लावणारा हात थांबला. थंडीत त्यांचं दही त्या डब्याच्या उबेवरच लागायचं, पण हे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"अहो, आधी दोघांची परीक्षा तरी घ्या."

हेरंबरावांनी नातीच्या बारशाचा व्हिडिओ दोघांवर एकदम तयार करायला लावला. शरयूताईंनी दोघांच्या डोक्यावर विरजणाची एकेक वाटी ठेवली. नव्याच्या प्रोसेसरने चहा उकळायच्या आत व्हिडिओ हातावर ठेवला. जुना तापून संध्याकाळपर्यंत घरघरत बसला.

"पटलं?" हेरंबराव हसले.

शरयूताईंनी नव्यावरची वाटी कलती केली, दूध हिंदकळलं. जुन्यावरची चक्क उलटी केली. दही जागचं हललं नाही.

हेरंबरावांनी साखर घालून वाटी चाटूनपुसून संपवली. मग जुन्याला भाचीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ लावून म्हणाले, "उद्या कढी कर."