राखीव टायर

मृणालने हेल्मेट काढलं नाही.

"ऐकू आलं ना?" रमाकांतने पुन्हा विचारलं. "पुढच्या फेरीला तुझ्या जागी सुमित."

"आलं. म्हणून तर काढलं नाही."

ती रेसकारमध्ये बसूनच होती. सिल्वासाजवळच्या राखोलीच्या शेडमध्ये गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि तिच्या नाकापासून शेपटापर्यंत 'शेषशय्या गाद्या' अशी अक्षरं होती. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतींत झोपेची जाहिरात करणारी ही एकमेव टीम. ती बहुधा शेवटून दुसरी येई, त्यामुळे जाहिरातीत खोटं असं काही नव्हतं.

गाद्यांच्या कारखान्याचे मालक आणि टीमचे प्रायोजक प्रभाकरशेठ यावर चकार शब्द काढत नसत. असा प्रायोजक मिळायला नशीब लागतं, असं टीमचा मॅनेजर रमाकांत रत्नागिरीच्या भावाला फोनवर सांगे. शेठना हौस होती ती सामानाची. राखीव टायरच्या पेट्या ते स्वतः उभं राहून फोममध्ये गुंडाळून घेत. ओरखडा उठता कामा नये. इकडे मृणाल झिजलेल्या टायरवर पळे, पण राखीव पेट्यांचं सील कधी फुटलं नाही. राखीव ते राखीव.

दिल्लीजवळच्या ट्रॅकवर फेरी असली की शेठचा हात सैल सुटे. मृणालचे वडील, आबा, गाडी आणि पेट्या ट्रकात घालून निघत, बडोद्याला शेठच्या गोदामात मुक्काम करत आणि मग पुढे जात. दक्षिणेतल्या फेऱ्यांना मात्र शेठ दमडी देत नसत.

"तिकडे लोक चटईवर झोपतात," असं त्यांचं म्हणणं.

"सुमितला का बसवायचंय?" मृणालने विचारलं.

"शेठचा भाचा आहे. लग्न जमत नाहीये. बायोडेटात 'रेसिंग ड्रायव्हर' लिहायचंय."

"लिहू दे की. मी कुठे वाचायला जातेय?"

सुमित दारातच उभा होता. तो सुरतचा. गुजरातेत दारूबंदी, म्हणून दर शनिवारी हद्द ओलांडून सिल्वासात उतरणाऱ्या गर्दीतलाच एक. मामा इथे राहतो हे त्याचं जास्तीचं निमित्त.

"सॉरी हं, दीदी," तो म्हणाला. "मामाने बोला तो मैं क्या करूँ? मला तर गाडीत गरमच होतं."

मृणाल उतरली. मग वाकून तिने पाना घेतला आणि सीटचे बोल्ट खोलायला लागली.

"हे काय?" रमाकांत म्हणाला.

"सीट नेतेय. माझ्या पाठीच्या मापाने ओतलीय. फोम शेठचा, पाठ माझी. शेठना फोम परत हवा असेल तर घरी येऊन खरवडून न्या म्हणावं."

सीट डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली. आबा ट्रकची काच पुसत होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, फडकं पिळलं आणि ट्रकची किल्ली रमाकांतच्या हातावर ठेवली.

"पोर उतरनी तं मी बी उतरनू."

"अहो आबा, तुमचा पगार चालूच आहे."

"मंग चालू द्या."

बापलेक दमणगंगेच्या पुलावरून चालत गेले. पुढे डोक्यावर सीट घेतलेली मुलगी, मागे तिचं हेल्मेट काखेत घेतलेला बाप. कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या सिल्वासाच्या फोनवर फिरला.

रमाकांतने शेठना फोन लावला. "मृणाल गेली, शेठ."

"जाऊ दे. ड्रायव्हर काय, मिळतात."

"आबाही गेले. पण तुम्ही काळजी करू नका, वापीचा एक ट्रकवाला सांगून ठेवलाय. उद्या सकाळी माल चढवेल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पेट्यांना हात लावू देऊ नकोस कुणाला," शेठ म्हणाले. "आणि मृणालचा पत्ता दे."

व्हिडिओने काम केलं, हे रमाकांतने ओळखलं. माणूस शेवटी जनमताला भितो. भावालाही त्याने ते लगेच कळवलं.

डोकमर्डीच्या मृणालच्या दोन खोल्यांत शेठ रमाकांतला घेऊन आले तेव्हा त्यांनी बूट जिन्याखालीच काढले होते. सीट जमिनीवर ठेवलेली होती आणि आबा तीत बसायचा प्रयत्न करत होते. माप जमत नव्हतं.

"झालं गेलं विसर, बेटा," शेठ म्हणाले. "गाडी तुझीच."

"सुमितचं लग्न?"

"दुसरं काही लिहू बायोडेटात."

"मला पूर्ण मोसम हवा. दक्षिणेतल्या फेऱ्यांसकट."

शेठ कळवळले. "तिकडे लोक चटईवर..."

"उठवू त्यांना."

शेठनी मान डोलावली. मग आबांकडे पाहत हळूच म्हणाले, "आणि आबा तर घरचेच. ट्रक दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा म्हणजे मला झोप लागत नाही."

रमाकांतचे डोळे भरून आले. गाद्यांच्या कारखानदाराने असं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती.

"एक राहिलं," मृणाल म्हणाली. "पुढच्या फेरीला राखीव पेट्यांत टायर हवेत."

रमाकांत हसला. "अगं, टायरच तर आहेत."

दुसरं कुणी हसलं नाही.

"सगळ्या पेट्यांत?" शेठनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

मृणालने आबांकडे पाहिलं. आबांनी सीटमधून अंग सोडवून घेतलं आणि शेठच्या खांद्यावर हात ठेवला.

"चार टायर पुरे, शेठ. बाकीच्या पेट्या आहेत तशाच राहू द्या. बडोद्याचं गिऱ्हाईक टायर पेत नही."