शेजाऱ्याचा कान

"साखर उतरतेय, ताई. लगेच गोड खा," कानामागे बसवलेली, रक्तातली साखर मोजणारी चिप हेमलताताईंना म्हणाली. ती त्यांच्या एकटीच्याच कानात बोलायची.

ताईंनी उचललेला गुळाचा खडा परत बशीत ठेवला. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या त्या निवासात एक रीत होती. आवाज आला की शेजारच्याला विचारायचं. त्याला आला नसेल, तर त्या आवाजाचं ऐकायचं नाही. याच रीतीने ही माणसं भलभलत्या आवाजांना पुरून उरली होती.

"दिगंबरराव, ऐकू आलं का?"

"नाही."

ताईंनी बशी दूर सारली. दिगंबररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खडा त्यांच्या हातात ठेवला.

"आवाज मला आला नाही, ताई. पण तुमच्या कपाळावरचा घाम मला दिसतोय. तो खरा आहे. खा."