समुद्राकडची बाजू

१९८६ सालच्या मार्चमध्ये, फ्लोरिडातल्या समुद्रकाठच्या एका इमारतीच्या बाथरूममध्ये, मार्लिस बोटाला साबण लावून लग्नाची अंगठी परत चढवत होती. जानेवारीत काढून ठेवलेली अंगठी आता पेरापाशी अडत होती.

“चढली का?” दाराबाहेरून डुएनने विचारलं.

“चढतेय.”

“होऊ दे सावकाश. काही घाई नाही.”

हिवाळाभर दोघं एकमेकांशी असंच बोलत होती. आगगाडीत समोरासमोर बसलेल्या अनोळखी माणसांसारखं. डुएन जानेवारीपासून भावाच्या तळघरात झोपत होता. काकाच्या तळघराचं काम निघालंय, असं मुलांना सांगितलं होतं. वकिलाकडे घटस्फोटाचे कागद तयार होते. सुट्टी संपवून आयोवाला परतताना गाडीतच मुलांना सांगायचं आणि सोमवारी सही करायची, एवढं ठरलं होतं.

पण समुद्र दाखवायचं वचन चार वर्षं लांबत आलेलं. मोटेल परवडणारं नव्हतं. मग डुएनने पेपरातली ती जाहिरात कापून ठेवली. समुद्रकाठी तीन रात्री फुकट, फक्त विवाहित जोडप्यांसाठी. अट एकच. दोघांनी मिळून विक्रेत्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं. जोडपं खोटं निघालं, तर तिन्ही रात्रींचं भाडं भरा. तेवढे पैसे दोघांच्या खिशात मिळूनही नव्हते. वाटेत गाडीतच झोपून, बर्फाच्या पेटीतले सँडविच खात चौघं इथवर आली होती. मुलं केव्हाच पोहण्याच्या तलावात उतरली होती.

हॉलमध्ये टेबलाटेबलावर जोडपी बसली होती. यांच्या वाट्याला लॉनी नावाचा उन्हाने रापलेला विक्रेता आला. त्याने इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना पुढे सरकवला.

“तर मंडळी, दरवर्षी एक आठवडा ही खोली तुमची. जन्मभर. बाल्कनी कुठली घेणार? समुद्राकडची, सूर्यास्त दिसणारी? की रस्त्याकडची?”

“तिला विचारा,” डुएन म्हणाला.

“काहीही चालेल,” मार्लिस म्हणाली. “तो म्हणेल तसं.”

“नाही नाही, तुला आवडेल ते.”

शेजारच्या टेबलावर केंटकीचं एक जोडपं होतं. बाई कडाडत होती, “तुझी आई येणार असेल ना, तर मला वेगळा मजला हवा!” नवरा म्हणत होता, “ती येणारच, आणि तुझ्या कुत्र्याच्या आधी तिला पलंग मिळणार!” मार्लिसने नजर वळवली. हॉल गारठलेला होता. डुएनने आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर घातलं. ती “थँक यू” म्हणाली. तो “त्यात काय” म्हणाला. नाटक छान वठतंय, असं दोघांनाही वाटलं.

लॉनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने नमुना बाजूला सारला आणि त्यांच्या फुकट राहण्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारला.

“झालं? एवढंच?” डुएनने विचारलं. “विकत घ्या म्हणून मागे नाही लागणार?”

“कशाला दमवू तुम्हाला, आणि मला?” लॉनी हळू आवाजात म्हणाला. “या टेबलावर भांडतात तीच माणसं खोली घेतात. त्यांना पुढच्या वर्षीही एकत्र यायचं असतं. मी आणि माझी बायको कधी भांडलो नाही. शेवटी तीही ‘थँक यू’ म्हणूनच गेली. जा, तीन रात्री खोली तुमची. पोरांना पोहू द्या.”

दोघं बाहेर आली. ऊन डोळ्यांत घुसत होतं.

“सुटलो,” डुएन म्हणाला. “तशीही रस्त्याकडचीच घेतली असती म्हणा. स्वस्त पडते.”

मार्लिस थांबली. “रस्त्याकडची?”

“बाल्कनीत बसतं कोण? झोपायला खोली तीच.”

“हजार मैल गाडीत अंग आंबवून मी इथे येऊन गाड्याच बघू?”

“मग आत तोंड का शिवलं होतंस? म्हणे काहीही चालेल!”

“बोलून काय उपयोग? चार वर्षं समुद्र समुद्र करतेय, आणि दर मार्चला तुझं छप्पर गळतं!”

“माझं? त्या छपराखाली तू राहत नाहीस?”

“मी राहते! तू राहत नाहीस!”

आवाज तलावापर्यंत गेला. काठाला धरून उभा असलेला टॉड घाबरून बहिणीकडे वळला. “केंड्रा, भांडतायत गं.”

दहा वर्षांची केंड्रा डोळे मिटून पाण्यावर उताणी तरंगत होती.

“भांडू दे,” ती म्हणाली. “डॅड घरी येतोय.”

वकिलाने पुढे दोनदा फोन केला, मग नाद सोडला. लॉनी तो धंदा सोडून होड्या विकू लागला, असं तिथेच ओळख झालेल्या केंटकीवाल्यांनी नाताळच्या कार्डात कळवलं. त्यांनी खोली घेतली होती, आईसकट. काही वर्षांनी वादळात ती इमारत गेली. उरली ती फक्त रस्त्याकडची बाजू, आणि डुएनने मरेपर्यंत ते बायकोला ऐकवलं. टॉड इथे आयोवात, आमच्याच गावात लोकांची छपरं बसवतो. केंड्रा ओरेगॉनला असते. तिच्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो.

डुएन मागच्या हिवाळ्यात गेला. जागा दाखवायला दफनभूमीचा माणूस मार्लिसला टेकडीवर घेऊन गेला. कुठली बाजू हवी, त्याने विचारलं.

“पश्चिमेकडची,” मार्लिस म्हणाली. “सूर्यास्ताची.”

“ती जरा महाग पडते.”

सवयीने मार्लिस थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, कोणी नको म्हणतंय का याची.