चाळिसावा दिवा

“काका, आधी प्लग काढा, मंग हसा,” शिवांजली म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून मखरामागं शिरली.

महालक्ष्म्या बसल्या होत्या. एकदा बसल्या की हलवायच्या नाहीत, म्हणून दिव्यांची माळ जागेवरच तपासायची होती. लाल, हिरव्या, पिवळ्या चाळीस दिव्यांची ही माळ तिच्या आईनं लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना हौसेनं आणलेली. गेल्या वर्षीपर्यंत बिनतक्रार लागायची. यंदा डब्यातून काढली, झेंडूच्या फुलांआडून मखरभर फिरवली, बटण दाबलं, तर एकही दिवा लागेना. सहाला हळदीकुंकवाच्या बाया येणार. रणधीरकाकांनी गाडीची किल्ली बोटावर फिरवत निकाल देऊन टाकला: तेरच्या बाजारातनं नवी माळ आणतो, ही भंगारात. आई पुरण वाटायला आत गेली. पण तिचं उतरलेलं तोंड शिवांजलीनं बघितलं आणि काकांकडून अर्धा तास मागून घेतला.

मागच्याच आठवड्यात नववीच्या वर्गात विद्युत परिपथाचा धडा झाला होता. तो अजून तिच्या अंगात सळसळत होता. तिनं काकांना आपला सेल-दिव्याचा पुठ्ठा धरायला लावलं आणि मखरामागून शिकवायला सुरुवात केली. ही एकसर जोडणी. धारेला एकच वाट. पहिल्या दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एक दिवा गेला की वाट तुटली, मग बाकीचे धडधाकट असले तरी अंधारातच. घरातले दिवे समांतर असतात, म्हणून न्हाणीतला गेला तरी चुलीपाशी उजेड राहतो. म्हणजे एकानं दांडी मारली की सगळ्या गावाला सुट्टी, असं काका म्हणाले. तिनं व्हय म्हटलं.

पुठ्ठा तिचा स्वतःचा होता. त्यावर चार सेल, एक हिरवा दिवा आणि दोन मोकळ्या वायरी. आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनात ह्याच पुठ्ठ्यानं दुसरा नंबर आणला होता. ती माळेतला एकेक दिवा उपसायची, वायरींना टेकवायची. दिवा चांगला असला की तो आणि पुठ्ठ्यावरचा, दोघंही मिणमिण लागायचे. मग तो परत जागेवर.

दहा चांगले. वीस चांगले. तिसाव्याला काकांनी किल्ली पुन्हा बोटात घातली. एकोणचाळीस चांगले. राहिला एक, थोरल्या लक्ष्मीच्या पदरामागचा. शिवांजलीनं हात घालून चाचपलं.

खोबण रिकामी होती. तिथं दिवा नव्हताच.

ती लालबुंद होऊन बाहेर आली. कुणीतरी दिवा काढून नेलाय. चाळिसातला एक गेला तर काय बिघडतंय, असं वाटलं असणार. एवढं अडाणी ह्या घरात कोण आहे, ते तिला आत्ताच्या आत्ता कळायला पाहिजे होतं. आवाज ऐकून आई पुरणाचे हात तसेच घेऊन दारात आली.

काका मात्र पुठ्ठ्याकडं बघत होते. मग माळेकडं. मग परत पुठ्ठ्याकडं.

“शिवे,” ते म्हणाले, “ह्यो हिरवा दिवा तू कुठनं आणलेला गं?”

शिवांजलीला आठवलं. प्रदर्शनाचा आदला दिवस. माळ्यावरचा डबा. तेव्हा हा धडा कुठं झाला होता.

आधी आईला हसू फुटलं. काकांनी किल्ली खुंटीला अडकवली. शिवांजलीनं गुपचूप पुठ्ठ्यावरचा दिवा उपसला, थोरलीच्या पदरामागं बसवला आणि प्लग लावायला स्वतःच गेली.

चाळीसच्या चाळीस लागले. एकसर जोडणीत धारा सगळ्यांतून सारखीच जाते. त्यामुळं सहाला आलेल्या बायांपैकी एकीलाही चोरीचा दिवा कोणता ते ओळखता आलं नाही.