वास घेतलेलं फूल

जरा जवळ सरका. कीर्तनाचा पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लागतोय, हार घातला जातोय. ते पुन्हा उभे राहीपर्यंत एक गोष्ट होऊन जाईल. लहानच आहे. माहीमच्या एका काळ्या गुलाबाची आहे, आणि ती अशाच एका रामनवमीला घडली.

त्या सकाळी अप्पा बनियनवर, चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारात उभे होते आणि नाक मुरडत होते. निवृत्तीनंतरचा हाच त्यांचा पूर्णवेळ उद्योग. तळमजल्यावरच्या त्या घरामागे समुद्राकडे तोंड केलेली जमिनीची एक पट्टी आहे. तिथे त्यांच्या बायकोने, नलूताईंनी, गुलाबाचं झुडूप लावलं होतं. साध्या लाल गुलाबाचं नव्हे. पिकल्या जांभळासारखा काळसर, उन्हाकडे धरला तरच आतला लाल दिसावा असा.

"समुद्राकाठी गुलाब," अप्पा येईल त्याला सांगत. "इथे खिडकीचे गज गंजून गळतात, आणि आमची ही गुलाब लावते. उद्या वाळूत केशर लावेल."

खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा जळत. नलूताई रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात फडकं भिजवून पानं पुसत. वाऱ्याच्या बाजूला त्यांनी जुन्या कपाटाचं दार उभं करून ठेवलं होतं. कोळीवाड्यातली एक ओळखीची कोळीण मासळीची डोकी आणून द्यायची, ती नलूताई झाडाच्या मुळाशी पुरत. ज्या घरात मासळी कधी उंबऱ्याच्या आत आली नाही, त्या घरात ही बाब लहान नव्हती.

"आणि हे म्हणे रामाला वाहायचं," अप्पा हसत. "बांगडे खाऊन वाढलेलं झाड, त्याला काळं फूल. अगं, देव पाळण्यातून उठून जाईल."

"रामाचा रंग कोणता हो?" नलूताईंनी एकदाच विचारलं होतं.

अप्पांनी पेपर उघडला होता.

नलूताईंची इच्छा एवढीच होती की जन्माच्या वेळी पाळण्यात, रामाच्या उशाशी, या झाडाचं एक तरी फूल असावं. आधी झाडच धरेना. मग धरलं, तर कळ्या वाऱ्याने करपून गळल्या. त्या वर्षी एकच कळी टिकली, आणि ऐन नवमीला उमलली.

नलूताईंनी आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून झाडाला हात जोडले. देठ कापला. फूल तबकात ठेवताना मान मागे घेतली, श्वास लागू नये म्हणून. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. ते उष्टं. त्यामुळे आपल्या गुलाबाला वास आहे की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांची सून वैदेही सुंठवड्याचा डबा घेऊन दारात थांबली होती. अप्पांनी कप कट्ट्यावर ठेवला आणि तबकातलं फूल उचललं.

"अहो, नका…"

"बघू तरी. तुझ्या रामाला बांगड्याचा वास येतोय की बोंबलाचा."

त्यांनी फूल नाकाला लावलं. घाईघाईने नाही. सुनेने नीट पाहावं म्हणून डोळे मिटून, छाती भरून.

"अप्पा, हे काय केलंत," वैदेही म्हणाली. "देवाचं होतं ते."

अप्पांचा पुढचा टोमणा तयार होता. त्यांचे टोमणे आदल्या दिवशीच घडवून ठेवलेले असत. पण तो बाहेर आलाच नाही. फूल नाकापासून दूर न्यायचं विसरून ते तसेच उभे राहिले. मग भान आलं.

"दुसरं घ्या की. दादरला ढीग पडलेत फुलांचे," असं पुटपुटत, भिंतीकडे बघत, त्यांनी फूल बायकोच्या हातात दिलं.

नलूताई फुलाकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे. वैदेहीला वाटलं, आता आई रडणार. अप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी सवयीने नाक मुरडायला घेतलं.

नलूताईंनी तबक वैदेहीकडे दिलं. फूल नाकाशी नेलं आणि सावकाश, पोटभर वास घेतला. मग दाराच्या काचेत बघून ते अंबाड्यात खोवलं.

"बाई गं," वैदेही म्हणाली. "आई, आणि देवाला?"

"देवाला तुळस नेऊ. तो काही रुसायचा नाही." नलूताईंनी पदर सारखा केला. "लग्न झाल्यापासून यांच्या हातून मिळालेलं हे पहिलंच फूल. ते कसं देऊ?"

दोघी निघाल्या. वैदेही चप्पल बदलायला म्हणून परत आली, तर अप्पा मागच्या दारातच होते. चहा गार झाला होता. बोटं नाकाशी धरून ते झाडाकडे बघत होते, आणि नाक मुरडलेलं नव्हतं.

दुपारी देवळात जन्म झाला. नलूताईंनी पाळण्यात तुळस ठेवली, दोरी धरली आणि चांगल्या वाकून झोका दिला. काळं फूल अंबाड्यात घट्ट बसून राहिलं. रामानेही ते मागितलं नाही.

ते बघा, बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या. घटकाभरात दोरी तुमच्याही हाती येईल. तेव्हा एक झोका नलूताईंची आठवण म्हणून द्या.